टाकीच्या झाकणाचं भोक

१

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी पिराजीची मोटरसायकल पहिल्यांदा बंद पडली. क्रांती तेव्हा गॅसपाशी उभी होती. रोज गाडी सुरू झाली की तिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, तिथं गिअर बदलायचा आणि मग साखर कारखान्याच्या रस्त्याला लागून विरून जायचा. त्या आवाजावर क्रांतीची सकाळ चालायची. आवाज विरला की ओटा पुसायचा, मग राजवीरचं दूध कोमट करायला ठेवायचं. त्या दिवशी आवाज विरलाच नाही. गल्लीच्या तोंडाशी तो बारीक झाला, आणखी बारीक झाला, दोन-तीन आचके देऊन थांबला. घड्याळाकडं तिची नजर गेली ती म्हणूनच.

जरा वेळानं नवरा गाडी ढकलत दारात आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"काय झालं ओ?"

"काय की. पेट्रोल उतरंना."

"परवाच तर टाकलं न्हवं?"

"टाकी भरल्याली हाय गं. हलवून बघ की, डबाडबा वाजतीया. पेट्रोल हाय, खरं खाली येईना."

पिराजी शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंगच्या कामाला होता. उशीर झाला की सुपरवायझर गेटवरच गाठायचा. त्यानं गाडी सोप्यात चढवली, स्टँडला लावली आणि शेजारच्या कुणाच्या तरी मागं बसून निघून गेला.

घर दोन खोल्यांचं. पुढं सोपा, मागं स्वयंपाकघर. सोप्यात एका भिंतीला गाडी, दुसऱ्या भिंतीला लोखंडी कॉट, आणि मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. बाहेर लावली तर पोरं सीट फाडतात, पेट्रोल काढून नेतात, म्हणून गल्लीत सगळ्यांच्याच गाड्या घरात. राजवीर दुपारी त्या कॉटवरच झोपायचा.

राजवीर दोन वर्षांचा. दिवस भरायच्या आधी झाला आणि काचेच्या पेटीत राहिला. पेटीत हात घालायची परवानगी मिळाली तेव्हा क्रांतीनं पहिल्यांदा काय केलं असेल तर त्याच्या नाकाखाली बोट धरलं. बोटाला वारं लागलं. ती सवय नंतर सुटलीच नाही. भाकरी थापता थापता उठायची, पिठाचा हात लुगड्याला पुसायची आणि सोप्यात जाऊन बोट धरून यायची.

"अगं, तुझ्या बोटानंच गुदमरंल एखाद्या दिशी," सासू म्हणायची. सासूचं नाव बाळाबाई. क्रांती तिला मामी म्हणायची. "एवढी पोरं झाली माझी, मी कुणाच्या नाकाला हात लावला न्हाय."

२

सुट्टीच्या दिवशी धैर्यशील मेस्त्री घरीच आला. पिराजीच्या वर्गातला, चौकात त्याचं गॅरेज. गाडी दारापुढं घेऊन त्यानं पोतं अंथरलं आणि बसला.

आधी प्लग काढून उजेडात धरला. "कोरडा ठणठणीत. म्हंजे पेट्रोल हितवर येतच न्हाय." मग कार्बोरेटर उघडला. खालच्या वाटीत कचरा नव्हता, जेटचं बारीक भोक साफ होतं. "हितं काय न्हाय. आता नळी बघू." कार्बोरेटरला लागलेली रबरी नळी त्यानं उपसली, तिचं तोंड रिकाम्या बाटलीत सोडलं आणि टाकीखालचा कॉक उघडला. पेट्रोलची जाड धार लागली. हळूहळू ती बारीक झाली. मग नुसते थेंब. मग थेंबही नाहीत.

"आता गंमत बघा," म्हणत त्यानं किल्ली फिरवून टाकीचं झाकण उचललं.

सूंऽऽ करून टाकीनं हवा आत ओढली. बाटलीत पुन्हा जाड धार पडायला लागली.

"घावलं! टाकीला दम लागलाय."

"टाकीला कसला दम?" राजवीरला कडेवर घेऊन क्रांती उंबऱ्यावर उभी होती.

"आवो वैनी, पेट्रोल खाली उतरायचं तर त्येच्या जाग्याला वरनं हवा जाया पायजे की. झाकणाला बारीक भोक असतंय. टाकी तितनं श्वास घेती म्हणा. त्ये बुजलं की कारभार आटपला." त्यानं झाकण उलटं केलं, बारीक तारेनं भोक टोकरलं आणि आतून आलेला पिवळट लगदा बोटावर घेऊन हुंगला. "पिराज्या, ह्ये काय रं? बिस्कुट?"

सगळे हसले. क्रांतीही हसली. कारण ते खरंच बिस्कीट होतं. बापानं घरी आल्यावर पोराला टाकीवर बसवून गल्लीतनं एक चक्कर मारायची ही रीतच होती. गल्लीतली सगळी बारकी पोरं बापाच्या टाकीवर बसूनच मोठी झालेली. टाकी पोळू नये म्हणून क्रांती खाली दुपटं घालायची आणि राजवीर रडू नये म्हणून त्याच्या हातात दुधात भिजवलेलं बिस्कीट द्यायची.

"माझी पाळी बुडायची येळ आली ती ह्या बाईच्या बिस्कुटापायी," पिराजी म्हणाला.

भोक आता मोकळं दिसत होतं, तरी हवा पलीकडं जाईना. धैर्यशीलनं झाकणाला तोंड लावून फुंकलं; गाल फुगले, डोळे लाल झाले. पिराजीनं फुंकलं. काही नाही. मग पिराजी हसत उठला आणि त्यानं झाकण राजवीरच्या तोंडापुढं धरलं.

"तू बुजिवलंयस न्हवं? मग तूच फुक. फू कर. फूऽ!"

"अवो, पेट्रोल लागंल की त्येच्या तोंडाला!" क्रांती मागं सरकली, पण झाकण पोराच्या ओठाला लागलंच होतं. राजवीरनं ओठांचा चंबू केला आणि चटका बसलेल्या बोटावर घालावी तशी बारीक फुंकर घातली. झाकणाच्या पलीकडून ती धैर्यशीलच्या हाताला लागली.

"आयला! झालं की मोकळं. ह्यो खरा मेस्त्री!"

टाळ्या वाजल्या. राजवीरनंही वाजवल्या. धैर्यशीलनं झाकण टाकीवर दाबून बसवलं, आणि तेव्हा क्रांतीला ते ऐकू आलं. सूं. झाकण इतका वेळ उघडंच होतं, टाकीत हवा भरलेली होती, आता आणखी ओढायला काही कारण नव्हतं. तरी टाकीनं ओढली. आणि जरा थांबून, हळूच, सोडली.

"घेती बघ आता हवा," धैर्यशील हात पुसत म्हणाला. सोडण्याचं तो काही बोलला नाही.

३

पुढच्या आठवड्यात पिराजीला तिसरी पाळी लागली. रात्रभर फौंड्रीत, सकाळी घरी, दिवसभर आतल्या खोलीत झोप. गाडी दुपारची सोप्यात उभी.

दुपारी त्या गल्लीत कुणी बोलत नाही. पत्रे तापून कडकड वाजतात तेवढंच. बाळाबाई शेजारच्या दारात वाती वळत बसलेल्या. राजवीर कॉटवर झोपलेला. क्रांती त्याच्या पायथ्याशी तांदूळ निवडत होती.

श्वास ऐकू येत होता. बारका, भरभर, झोपलेल्या पोराचा. ती त्याकडं लक्ष न देता खडे काढत राहिली. उलट त्या आवाजानं तिला बरं वाटत होतं. मग सवयीनं तिचा हात त्याच्या नाकाखाली गेला. वारं लागलं. उबदार, बारीक. सगळं ठीक होतं. पण आवाज तिच्या पाठीमागून येत होता.

तिनं मान वळवली नाही लगेच. आधी विचार केला. भिंतीवर आदळून आवाज फिरत असेल. पलीकडच्या घरात कुणी झोपलं असेल. मांजर असेल गाडीखाली. तिनं वाकून बघितलं. गाडीखाली तेलाचा डाग आणि राजवीरची एक चप्पल. ती गुडघ्यावर सरकत गाडीपाशी गेली आणि टाकीजवळ कान नेला.

घेत होती. सोडत होती. घेत होती. सोडत होती.

कॉटवर राजवीरची छाती वर जात होती, खाली येत होती. दोन्ही बरोबरीनं. तो झोपेत एकदा खोल उसासा टाकून थांबला, तेव्हा टाकीतही थांबलं.

तिनं आत जाऊन नवऱ्याला हलवलं.

"पत्रा तापतोय, टाकी तापती," तो डोळे न उघडता म्हणाला. "तापली की आतली हवा सुटती. त्यात काय येवढं?"

"तापल्यावर सोडंल. खरं परत आत घेती त्ये?"

"गार झाली की घेती."

"दर घडीला तापती आन् दर घडीला गार हुती व्हय?"

"क्रांते, मी रात्रभर लोखंड वतून आलोय. झोपू दे."

ती परत सोप्यात आली. तो म्हणतोय तसंच असेल. यंत्राचं तिला काय कळतं, सातवीत तर शाळा सुटलेली. तिनं झाकणापाशी नाक नेलं, पेट्रोलचा वास आला असता तर तिचा जीव खाली बसला असता. वास दुधाचा आला. झोपून उठलेल्या पोराच्या तोंडाचा, आंबूस, उबदार.

४

दुसरी पाळी लागली तशी पिराजी दुपारी निघायला लागला. पहिल्याच दिवशी गाडी सुरू होईना. किक मारून मारून त्याचा पाय दुखायला लागला. धैर्यशीलला बोलावलं. प्लग पुन्हा कोरडा. नळी मोकळी, जेट साफ, झाकणाच्या भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता.

"सगळं बराबर हाय की लेका," तो डोकं खाजवत म्हणाला. "मग उतरंना कशानं?"

राजवीर दुडुदुडू धावत आला आणि हात वर केले. बापानं वैतागून त्याला उचललं आणि टाकीवर ठेवलं. पोर पालथं झालं, गाल झाकणाला टेकवला, ओठ भोकाला लावले. फू. पिराजीनं सहज किक मारली आणि गाडी पहिल्या झटक्यात पेटली.

"घ्या! मालक बसल्याबिगार हालत न्हाय म्हणती!" पिराजी खूश झाला.

धैर्यशीलनं कारणही काढलं. पोराच्या वजनानं गाडी एका अंगाला कलती, पेट्रोल कॉकच्या बाजूला येतंय. क्रांतीनं विचारलं, दोन वर्साच्या पोराचं वजन ते केवढं? तो म्हणाला, वैनी, जुन्या गाडीला तेवढं बी पुरतंय. त्याला कुठंतरी जायचं होतं, तो गेला.

मग तो रोजचा खेळ झाला. निघताना पोराला टाकीवर घ्यायचं, फू करून घ्यायचं, खाली उतरवायचं आणि जायचं. गाडी मग परत येईस्तोवर बंद पडायची नाही. एकदा राजवीर मामाकडं होता तर पिराजीला बसनं जावं लागलं. तो हे फौंड्रीत हसून सांगायचा.

क्रांती हसत नव्हती. राजवीर आधी गल्लीभर कोंबड्यांच्या मागं पळायचा. आता चार पावलं पळून तो उंबऱ्यावर बसायचा आणि कोंबड्या त्याच्यापुढनं निवांत जायच्या. घास खाताना मधेच तोंड उघडं ठेवून थांबायचा. त्याचं रडणं आधी पार कारखान्याच्या कोपऱ्यापर्यंत जायचं; आता सुरू व्हायचं, बारीक व्हायचं, आणखी बारीक व्हायचं, दोन-तीन आचके देऊन थांबायचं. तिनं त्याचा पापा घेतला तेव्हा त्याच्या तोंडाला पेट्रोलचा वास आला. तोंड धुतलं, मध चाटवला, पुन्हा वास घेतला. वास तोंडाचा नव्हताच. आतून येत होता.

डॉक्टरांनी छातीला यंत्र लावलं, पाठीला लावलं. छाती साफ होती. ते म्हणाले, "गाडी घरात लावता का? पेट्रोलची वाफ लहान पोराला बरी नाही. बाहेर काढा ती गाडी."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा बाळाबाई म्हणाल्या, "डाक्तरला काय जातंय सांगाया. त्यो येऊन बसणार हाय व्हय रात्री गाडी राखाया?"

५

त्यानंतरच्या एका दुपारी आवाज मोठा झाला. पिराजीची साप्ताहिक सुट्टी होती, तो चौकात गेलेला. सोप्यात क्रांती आणि झोपलेला राजवीर. टाकीतनं येणारा श्वास आता घरघरत होता, सर्दी झालेल्या पोरासारखा. तिनं कानात बोटं घातली, तरी तो येतच होता.

तिला ते थांबवायचं होतं, एवढंच. दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. ती उठली आणि झाकणावर तळहात दाबून धरला.

आवाज बंद झाला. सोपा एकदम शांत झाला. तळहाताच्या मधोमध, भोकाच्या जागी, तिला ओढ लागली. बारीक, कासावीस ओढ. छातीला लावलेलं पोर दूध ओढतं तशी. ती ओढ तिच्या अंगाला ओळखीची होती, म्हणून हात उचलायला तिला जरा उशीर झाला.

मागं कॉट वाजली. राजवीर उठून बसला होता. डोळे सताड उघडे, तोंड उघडं, आणि तोंडातनं काही येत नव्हतं. काही जातही नव्हतं. ओठ निळसर. त्याचे दोन्ही हात तिच्याकडं पसरलेले.

तिनं हात उचलला.

सूंऽऽ. टाकीनं ओढलं आणि राजवीरनं ओढलं. मग तो रडला.

त्याला पोटाशी धरून ती उंबऱ्याबाहेर जाऊन बसली. डोकं काहीतरी सांगायला लागलं. स्वप्न पडलं असेल त्याला, घाबरून उठला असेल. ठसका लागला असेल. योगायोग असतो. खात्री करायची असेल तर एकच वाट होती: पुन्हा एकदा हात ठेवून बघायचा. ती आई होती. तिनं बघितलं नाही. त्यामुळं खात्री तिला कधीच झाली नाही, आणि शंका कधीच गेली नाही.

६

बाळाबाई वाती घेऊन घरी आल्या तर सून दाराबाहेर पोराला कवटाळून बसलेली.

"काय गं? भूत बघिटल्यागत तोंड करून बसलीयास."

क्रांतीनं सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. बाळाबाई आधी हसल्या, मग रागावल्या.

"खुळी का काय तू? लोखंडाची टाकी ती. चल, उघडू झाकण. आत पेट्रोलबिगर काय निघालं तर माझं नाव बदल."

"नगा मामी."

"आगं चल की! लोक हसत्याल आपल्याला."

किल्ली खुंटीला होती. राजवीर दमून पुन्हा झोपला होता. क्रांतीनं त्याला कॉटवर उताणं ठेवलं. बाळाबाईंनी झाकण उचललं. दुपार कलली होती, दारातनं उन्हाचा एक पट्टा सरळ टाकीच्या तोंडावर येत होता. दोघी वाकल्या.

पेट्रोल दिसलं. पिवळसर, स्वच्छ. पृष्ठभाग वर येत होता, खाली जात होता. गाडी स्टँडवर होती, तिला कुणी हात लावलेला नव्हता.

"हालतंय व्हय त्ये?" बाळाबाई पुटपुटल्या. "ट्रक गेला आसंल रस्त्यानं."

ट्रक गेला नव्हता. त्या आणखी खाली वाकल्या. उन्हाचा पट्टा पेट्रोलमधून तळापर्यंत पोचला होता, आणि तळाशी, टाकीच्या त्या एवढ्याशा जागेत, काहीतरी कुशीवर वळलं. झोपमोड झाल्यावर उजेडाकडं पाठ करावी तसं. हळू, गुडघे पोटाशी घेऊन.

त्याच वेळी मागं कॉट करकरली. क्रांतीनं वळून बघितलं. राजवीर कुशीवर वळत होता.

बाळाबाईंनी झाकण लावलं. जोरात नाही; झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसं लावलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले. क्रांतीनं विचारलं, "मामी, तुमाला बी दिसलं न्हवं?"

"मला काय दिसलं न्हाय."

"मामी, शपथ घ्या."

"मला काय दिसलं न्हाय म्हटलं की एकदा!" आणि राजवीरच्या नाकाला कधी हात न लावलेल्या त्या बाईनं कॉटपाशी जाऊन त्याच्या नाकाखाली बोट धरलं. तिथंच उभ्या राहिल्या, बराच वेळ.

७

क्रांतीनं मग स्वतःशी ठरवलं. गाडी सोप्यातनं हलवायची नाही, राजवीरला तिच्यापासनं लांब न्यायचं नाही, झाकणाचं भोक रोज बघायचं. बस्स. फू करायला द्यायचं नाही, गाडी चालवायची नाही, नुसती उभी ठेवायची. पिराजी कंपनीच्या बसनं जाईल. काहीतरी पुढं सुचेल. तिला एवढंच पाहिजे होतं की ते भोक तिच्या नजरेसमोर राहावं.

पण ती हे नवऱ्याला नीट सांगू शकली नाही. काय सांगणार? आणि बाळाबाईंनी त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं ते तिला कळलं नाही.

अंगणवाडीत वजन करायचा दिवस होता. ती राजवीरला घेऊन गेली, रांगेत बसली, वजन जेवढं व्हायला पाहिजे त्याच्यापेक्षा कमी भरलं. परत आली तर सोप्यात एवढी जागा झालेली की तिला आधी आपलं घरच वाटेना. भिंतीपाशी तेलाचा डाग.

पिराजी कॉटवर पाय हलवत बसला होता. तोंडावर आनंद.

"काढली बघ. जुन्या गाड्यांचा एजंट आलता, आज पोराबिगर बी पेटली, लगीच घिऊन गेला. तुझंच ऐकलं की. डाक्तर म्हणतोय, तू म्हणतीयास, आई बी म्हणाली की घरात नगो. चांगली नवी घेऊ आता, बिगर कार्बोरेटरची."

क्रांतीनं विचारलं, "कुणाला दिली?"

"एजंटला दिली की. त्यो कुणाला बी देईल."

"कुणाला दिली ओ! जावा, आणा परत! आत्ता जावा!"

"आगं, तूच तर..."

"मी बाहेर काढा म्हटलं? मी म्हटलं व्हय तसं? डाक्तर म्हणला! मामी, तुमी तर बघिटलंय! सांगा की ह्यास्नी!"

बाळाबाई आतल्या दाराला धरून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले. "मला वाटलं, लांब गेली की सुटंल पोर," त्या म्हणाल्या.

पिराजी आईकडं बघत राहिला, मग बायकोकडं. आईचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. तो चप्पल घालून एजंटला गाठायला निघाला.

राजवीर क्रांतीच्या कडेवर शांत होता. तिनं त्याच्या नाकाखाली बोट धरलं. वारं लागलं. लागलं, आणि मग मधेच भरभर यायला लागलं, लांब पळून आल्यासारखं. पोर तर जागचं हललं नव्हतं. कुणीतरी कुठंतरी गाडी पळवत होतं.

८

एजंट भेटला. गाडी त्यानं त्याच दिवशी दुसऱ्याला दिली होती. त्या दुसऱ्यानं बाजारात उभी केली आणि गगनबावड्याकडच्या कुणीतरी घेतली. कागद अजून कुणाच्याच नावावर झालेले नाहीत. जो फोन नंबर मिळाला तो लागत नाही. तिकडं घाटाच्या अंगाला रेंज नसते म्हणतात. पिराजी दोनदा जाऊन आला. रस्त्यावर, हॉटेलात, पेट्रोल पंपावर विचारत फिरला. तसल्या काळ्या गाड्या तिकडं पुष्कळ आहेत. परत आल्यावर तो कॉटच्या कडेला बसतो आणि तोही आता बोट धरतो.

राजवीर आहे. खातो थोडं, हसतो थोडं. त्याच्या श्वासावरनं क्रांतीला कळतं, गाडी उभी आहे की चालली आहे. चढाला लागली की कळतं. कधी दुपारी त्याचा श्वास बारीक होत जातो, आणखी बारीक होतो, ओठ निळे पडतात. तिघंही त्याच्याभोवती बसतात, करता काहीच येत नाही. मग एकदम सूं करून तो मोठा श्वास घेतो. म्हणजे तिकडं गाडी बंद पडली असणार, आणि त्या माणसानं झाकण उघडून बघितलं असणार. त्याचे उपकार आहेत. तो भला माणूस असणार. पण त्याला माहीत नाही.

आणि आता पावसाचे दिवस आलेत. गगनबावड्याला पाऊस लागला की थांबत नाही. तिकडं टाकीत पाणी जाऊ नये म्हणून झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी घालून दोरीनं करकचून आवळतात. सगळेच आवळतात, त्यात कुणाचं काही चुकत नाही.

म्हणून हे पुढं सांगा. तुमचा कुणी पावणा तिकडचा असेल, कुणी दूध गोळा करणारा, एसटीचा कंडक्टर, ऊसतोडीचा ट्रॅक्टरवाला, ज्याला त्याला सांगा. काळी गाडी आहे, टाकीवर लाल पट्टा आहे. जुनी घेतलेली आहे आणि कधीकधी तिला पेट्रोल उतरत नाही. गाडी परत द्या असं कुणी म्हणत नाही. मेस्त्रीकडं नेली तर झाकण बदलू नका, भोक टोकरू नका, घरातल्या लहान पोराचं तोंड त्याला लागू देऊ नका. आणि झाकणावर काही बांधू नका. कुणी आज बांधलं असेल, तर त्याला हे सगळं सांगत बसू नका. आधी ती पिशवी सोडायला सांगा.